वायफाय तुटतं तेव्हा नेमकं काय तुटतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. डोंबिवलीत सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. फायबरचं कनेक्शन. कंपनीनं दिलेला वायफायवाला डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. आतल्या खोलीत रेंज येईना म्हणून तुम्ही स्वतः एक राउटर आणून तिथं लावलात आणि दोन्हींच्या मधे केबल टाकून घेतलीत. तरीही दिवसातून चार-पाच वेळा ऑफिसची मीटिंग तुटते. कधी लॅपटॉपवरची वायफायची खूणच जाते, कधी खूण असते पण नेट नसतं. रात्री नऊनंतर त्रास जास्त. तक्रार केली की माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, शंभरचा आकडा दाखवतो आणि जातो. आतला राउटर एकदा बदलून झाला. आता सात-आठ हजारांचा नवा घ्यावा का, असं तुम्ही विचारता.

आत्ता घेऊ नका. गेली अठरा वर्षं मी घरं, दवाखाने, क्लासेस आणि छोट्या ऑफिसांमधली नेटवर्क दुरुस्त करतो आहे. सगळ्यांत जास्त पैसे वाया जाताना पाहिले ते इथेच: काय तुटतंय हे कळण्याआधी काहीतरी बदललं जातं. चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. कारण जे बिघडलं होतं ते तसंच राहिलेलं असतं.

तुमच्या लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत चार टप्पे आहेत. लॅपटॉप ते राउटर हवेतून. राउटर ते कंपनीचा डबा तुमच्या केबलीतून. डबा ते कंपनीचं यंत्र फायबरमधून. आणि तिथून पुढे बाहेर. यातला कुठलाही टप्पा अडला की घरातले सगळे एकच वाक्य बोलतात, "वायफाय गेलं." खरं तर वायफाय म्हणजे फक्त पहिला टप्पा. तुम्ही दोन वेगळी लक्षणं लिहिलीत याचा मला फार उपयोग झाला. खूण जाते तेव्हा हवेतला टप्पा तुटतो. खूण राहते आणि नेट जातं तेव्हा बहुतेक वेळा दोष मागच्या तीन टप्प्यांत असतो. म्हणजे तुमच्या घरात एक नाही, दोन दोष असण्याची शक्यता मोठी आहे, आणि एकच राउटर बदलून ते दोन्ही जाणार नाहीत.

आधी टप्पा ओळखायचा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. त्यात 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून एक पत्ता, म्हणजे लॅपटॉप ज्या डब्यातून बाहेर जातो त्याचा, दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो कागदावर लिहा. मग तीन वेगळ्या खिडक्या उघडून तिन्हींत 'पिंग' चालू करा. पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा. पहिल्या खिडकीत आतल्या राउटरचा पत्ता, दुसरीत कंपनीच्या डब्याचा, तिसरीत ८.८.८.८ हा गूगलचा बाहेरचा पत्ता. पत्त्यानंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे इंग्रजी अक्षर टाकलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. खिडक्या लहान करून कोपऱ्यात ठेवा आणि नेहमीचं काम करा.

मीटिंग तुटली की पहिली नजर त्या खिडक्यांवर टाका. तिन्ही एकदम थांबल्या आणि 'जनरल फेल्युअर' असं दिसायला लागलं, तर लॅपटॉपचं राउटरशी नातंच सुटलं. पहिली चालू आणि बाकीच्या दोन बंद, तर तुमच्या मधल्या केबलीत किंवा त्या दोन डब्यांच्या मांडणीत गडबड. पहिल्या दोन चालू आणि फक्त तिसरी बंद, तर फायबर किंवा कंपनी. तुटलेलं काहीच नाही, पण पहिल्या खिडकीतला दोन-पाच मिलिसेकंदांचा आकडा तीनशे-चारशेवर उड्या मारतोय, तर हवा गजबजली आहे. एवढं साधं निदान झालं की निम्मं काम उरकतं.

स्पीड टेस्टनं हे कळत नाही. ती चाचणी वीस-तीस सेकंद चालते. तुमचं नेट दोन तासांतून पंधरा सेकंद जातं. तो माणूस आला त्या वेळी सगळं ठीकच होतं, आणि त्यानं दाखवलेला आकडाही खरा होता. पाणी दुपारी जातं आणि तपासायला कोणी सकाळी येतं, तसं हे आहे. म्हणून एक वही ठेवा. नेट गेल्याची घड्याळातली वेळ, कोणती खिडकी थांबली, किती वेळानं परत आलं, आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. हा भाग लोक टाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण वहीतल्या वेळाच बहुतेकदा दोष सांगून जातात.

उदाहरणं देतो. बरोबर एका तासाच्या अंतरानं तुटत असेल तर राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप की', म्हणजे सगळ्या यंत्रांना मिळून दिलेली सांकेतिक किल्ली, बदलण्याचा कालावधी बघतो. कितीतरी राउटरमध्ये तो ३६०० सेकंद असतो, आणि जुनं वायफाय कार्ड किंवा जुना प्रिंटर त्या बदलाच्या वेळी चुकला की बाहेर फेकला जातो. बारा किंवा चोवीस तासांचा ठेका असेल तर पत्त्याची मुदत बघतो. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो, यंत्र अर्धी मुदत संपली की तो पुन्हा मागतं, आणि शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही तर त्याला पत्ता सोडावा लागतो. जेवणाच्या वेळीच तुटत असेल तर मायक्रोवेव्ह. तो साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे थेट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या पट्ट्यात. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला त्याचा त्रास होत नाही. दिवे गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो त्या क्षणी तुटत असेल तर त्या अर्ध्या सेकंदात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आहे. राउटर आणि डबा दोन्हींना पुरेल असा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला की प्रश्न मिटतो. आणि लॅपटॉप काही वेळ नुसता पडून राहिल्यावर तुटत असेल तर तो लॅपटॉपच वीज वाचवायला वायफायचं कार्ड झोपवतो आहे.

ठाण्यातल्या एका क्लासची गोष्ट आठवते. दुपारी चारनंतर मुलांना वायफाय मिळेना. सकाळी सगळं छान. तिथल्या सरांनी एक महागडा राउटर आणला होता, तरी फरक नाही. राउटरला वाटायला शंभर पत्ते होते आणि प्रत्येक पत्त्याची मुदत चोवीस तास. सकाळच्या बॅचची साठ मुलं पत्ते घेऊन घरी गेली, दुपारच्या साठ मुलांतल्या शेवटच्या वीसेक जणांसाठी काही उरलंच नाही. मुदत दोन तासांची केली. दहा मिनिटांचं काम, एक रुपयाही खर्च नाही. वेळ लिहिलेली नसती तर तिसरा राउटरही आला असता.

आता तुमच्या घराकडे येतो. तुमच्या वर्णनात मला सगळ्यांत जास्त संशय त्या दोन डब्यांचा आहे. 'खूण आहे पण नेट नाही' या लक्षणाचं अशा घरांत सगळ्यांत जास्त सापडणारं कारण हेच.

कंपनीचा डबा हा मुळात राउटरच असतो. तो पत्ते वाटतो आणि त्याचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. तुम्ही आणलेला राउटरही पत्ते वाटतो, आणि बऱ्याच राउटरांचा कारखान्यातला पत्ता हाच असतो. राउटरच्या मागे एक वेगळ्या रंगाचं भोक असतं, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं असतं, आणि बाकीची तीन-चार 'लॅन'ची. लावणाऱ्यानं हॉलमधून आलेली केबल लॅनच्या भोकात घातली आणि पुढे काही बदललं नाही, तर तुमच्या घरात आता एकाच पत्त्याची दोन यंत्रं आहेत आणि दोघंही पत्ते वाटत सुटली आहेत. लॅपटॉप बाहेर जायची वाट विचारतो, "१९२.१६८.१.१ कोण?" दोघंही म्हणतात, "मी." ज्याचं उत्तर पोहोचतं त्याच्यावर लॅपटॉप विश्वास ठेवतो. हॉलमधल्या डब्याचं पोहोचलं तर नेट चालतं. आतल्या राउटरचं पोहोचलं तर लॅपटॉप बाहेर जाणारी सगळी मागणी अशा यंत्राकडे पाठवतो ज्याच्याकडे बाहेरची वाटच नाही. वायफायची खूण पूर्ण भरलेली, आणि पान उघडत नाही. काही मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा विचारतो, या वेळी दुसरं उत्तर येतं, आणि नेट आपोआप 'परत येतं'. म्हणून हा दोष पकडायला अवघड जातो. राउटर बंद-चालू केला की दोषही तात्पुरता जातो, आणि सगळ्यांना वाटतं राउटरच खराब.

हे पडताळायला सोपं आहे. सगळं नीट चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी' आणि पुढे आडवी रेघ आणि ए हे अक्षर अशी आज्ञा द्या. गेटवेच्या पत्त्यासमोर बारा अक्षर-अंकांचा एक मॅक क्रमांक, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. तो लिहून ठेवा. पुढच्या वेळी खूण असूनही नेट गेलं की तीच आज्ञा पुन्हा द्या. त्याच पत्त्यासमोर वेगळा मॅक क्रमांक आला असेल तर चोर सापडला. प्रत्येक डब्याच्या तळाशी त्याचा मॅक क्रमांक छापलेला असतो. वायफायचा आणि लॅनचा क्रमांक शेवटच्या एक-दोन अक्षरांनी वेगळा असू शकतो, पण सुरुवात बहुधा जुळते.

दोन्ही डब्यांचे पत्ते एकच असतील, तर माझ्या वरच्या चाचणीतली पहिली आणि दुसरी खिडकी एकच होईल आणि दोन डब्यांतला फरक दाखवू शकणार नाही. तेव्हा आधी हे सरळ करून घ्या.

उपाय असा. आतल्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. तो निवडला की राउटर पत्ते वाटणं बंद करतो आणि फक्त हवेतला दुवा होतो. कोणत्या भोकात केबल लावायची ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. हा मोड नसेल तर हाताने करा. राउटर हॉलच्या केबलीपासून सोडवा, लॅपटॉप थेट त्याला जोडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा, डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारी सोय) बंद करा, सेव्ह करा, आणि मग हॉलची केबल लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी डीएचसीपी बंद केलं आणि मग पत्ता बदलायला गेलात तर राउटरच्या पानावर परत शिरताना अडाल. त्यासाठी मी पत्ता आधी बदलतो आणि डीएचसीपी शेवटी.

लावणाऱ्यानं केबल वॅनच्या भोकात घातली असेल तर वरचा घोटाळा होत नाही, पण दोन्हींकडे पत्त्यांची मालिका १९२.१६८.१ हीच असेल तर तिथंही अडतं. काही राउटर स्वतःहून मालिका बदलतात, काही बदलत नाहीत. शिवाय घरातला प्रिंटर एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या, अशी विभागणी होते. तुमच्यासाठी ॲक्सेस पॉइंटच योग्य.

हे करताना एक पाहून घ्या. राउटरच्या 'स्टेटस'च्या पानावर 'अपटाइम' असा आकडा असतो, म्हणजे शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ झाला. मी कुठल्याही घरी गेलो की सगळ्यांत आधी हा आकडा बघतो. तुम्ही आठवडाभर राउटर बंद केलेला नाही आणि अपटाइम तीन तास दाखवतोय, तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू होतो आहे. दहांतल्या सात-आठ वेळा दोष अडॅप्टरचा निघतो. तीन-चार वर्षं दिवसरात्र तापून त्यातले कपॅसिटर सुकतात. मल्टिमीटर लावला तर बारा व्होल्ट बरोबर दाखवतो, कारण त्या वेळी त्याच्यावर भार नसतो. संध्याकाळी चार जण व्हिडिओ लावतात, राउटरला करंट जास्त लागतो, व्होल्टेज घसरतं आणि राउटर मान टाकतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू आहे.

आता दुसरं लक्षण, खूणच जाते ते. इथं हवेतलं बघावं लागतं, आणि पहिली गोष्ट सिग्नलची ताकद. ती उणे आकड्यात डीबीएममध्ये मोजतात. अँड्रॉइडवर वायफाय मोजणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. जिथं बसून मीटिंग करता तिथं, दार रोजच्यासारखं बंद ठेवून, मोजा. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत मीटिंगला चांगलं. उणे ७५ला अडखळायला लागतं, उणे ८०च्या पलीकडे तुटणारच. तीन डीबी घटले की ताकद निम्मी होते आणि दहा घटले की दहावा भाग उरतो, म्हणजे ६७ आणि ७७ यांत दिसतो त्याहून फार मोठा फरक आहे.

"जास्त अँटेनाचा, जास्त पॉवरचा राउटर घेतला तर?" हे मला नेहमी विचारतात. बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटरचा आवाज वाढवला तर लॅपटॉपला तो लांबून ऐकू येईल, पण लॅपटॉपचा आणि फोनचा आवाज तेवढाच राहतो, तो राउटरपर्यंत पोहोचत नाही. मग खूण भरलेली दिसते आणि तुमचं बोलणं समोरच्याला तुटक ऐकू जातं. जागा बदलणं याहून जास्त उपयोगी. टीव्हीच्या मागे डबा ठेवणं वाईट, कारण टीव्हीची पाठ धातूची. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, पाण्याचा पिंप, हे सगळे सिग्नल अडवतात किंवा खातात. डबा टीव्हीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, उघड्या फळीवर आणा.

भिंतींचं महत्त्व मला कोकणानं शिकवलं. रत्नागिरीजवळच्या एका होमस्टेला जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. मालकांनी एकामागून एक तीन एक्स्टेंडर लावले होते. उन्हाळ्यात कसंबसं चालायचं, पावसाळ्यात रोज तक्रार. पाणी या लहरी शोषून घेतं, आणि चार महिने भिजलेला चिरा पूर्वीपेक्षा जास्त सिग्नल खातो. एक्स्टेंडर ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यामुळे एकाच रेडिओचा असेल तर वेग निम्म्यावर येतो, आणि त्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? मी वळचणीखालून चाळीस मीटर केबल ओढली आणि मागच्या खोल्यांच्या पडवीत एक ॲक्सेस पॉइंट टांगला. त्यानंतरचा पावसाळा निर्धास्त गेला. तुम्ही केबल आधीच टाकली आहे, म्हणजे तुम्ही अवघड काम करून बसला आहात. फक्त ती केबल खरी तांब्याची कॅट सिक्स आहे का ते तिच्यावरचा छाप वाचून पाहा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल खूप विकली जाते. तिच्या जोडातली तार वाकवली की मोडते आणि लिंक मधूनच सुटते.

रात्री नऊनंतर त्रास वाढतो यात शेजारी आले. मोठ्या सोसायटीत बसल्या जागी पंचवीस-तीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनलं आहेत, पण ती फक्त पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर, आणि प्रत्येकाला वीसेक मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे एकमेकांना न घासणारी तीनच उरतात: १, ६ आणि ११. बरेच जण ॲपमध्ये पाहून रिकामं दिसलं म्हणून ३ किंवा ८ निवडतात. हा मोह टाळा. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं समजतात आणि पाळीपाळीनं बोलतात. अर्धवट घासणाऱ्या चॅनलवर समजत काही नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि दोघांचंही बिघडतं. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० नको. आणि मीटिंगचा लॅपटॉप या पट्ट्यावर ठेवूच नका, त्याला ५ गिगाहर्ट्झवर न्या.

५ गिगाहर्ट्झमध्ये एक खाच आहे, आणि तुमच्या 'खूणच जाते' या लक्षणाशी ती जुळते. भारतात २०१८ साली या पट्ट्याचा मोठा भाग घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय खुला झाला. त्यातली ५२ ते १४४ ही चॅनलं जगभर रडारसोबत वाटून वापरली जातात. हवामानखात्याची सी-बँडची रडार याच भागात चालतात, आपल्याकडे मुंबईत वेरावलीला असं एक आहे. नियम असा की या चॅनलांवर बसलेल्या राउटरला रडारसारखा स्पंद जाणवला तर त्यानं दहा सेकंदांत जागा सोडायची. त्याच भागातल्या दुसऱ्या चॅनलवर जायचं असेल तर आधी निदान साठ सेकंद गप्प बसून ऐकायचं. तेवढा वेळ नाव नाहीसं होतं. आणि स्पंद खरा रडारचाच असावा लागतो असं नाही, राउटरला तसा भास झाला तरी तो उठतो. चॅनल 'ऑटो'वर असेल तर राउटर रिकामी जागा म्हणून हमखास इथे जाऊन बसतो. तुमच्या वहीत नाव मिनिटभर गायब होऊन परत आल्याच्या नोंदी असतील, तर ऑटो काढा आणि एका राउटरला ३६, दुसऱ्याला १४९ द्या. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ या गटांत रडारची अट नाही.

दोन ॲक्सेस पॉइंट झाले की कुठल्याला जोडायचं हे फोन आणि लॅपटॉप ठरवतात, राउटर नाही. आयफोन साधारण उणे ७० खाली सिग्नल गेला की नवा शोधायला लागतो. त्याआधी तो जुन्यालाच धरून बसतो. म्हणून दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी एकसारखा ठेवा. आतल्या खोलीत बसूनही लॅपटॉप हॉललाच चिकटून राहत असेल तर हॉलच्या डब्याची पॉवर 'हाय'वरून 'मीडियम' करा. ऐकायला उलटं वाटतं, पण फरक पडतो.

लॅपटॉपमधलंही तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्यावं अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये ते पान दिसतच नाही, तिथं सोडून द्या. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. विंडोजमध्ये एक सुंदर सोय दडलेली आहे: कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि तुटणं कारणासकट एका पानावर येतं. तुमच्या वहीशी ते पडताळून पाहा.

डेस्कवर यूएसबी थ्रीची हार्ड डिस्क किंवा हब आहे का? सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनचा संगणक रोज दुपारी तुटायचा. दुपारी तिथल्या ताई बॅकअपसाठी डिस्क लावायच्या. यूएसबी थ्रीच्या जोडातून २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट बाहेर पडतो, इंटेलनं २०१२मध्ये याचा तांत्रिक निबंधच प्रसिद्ध केला होता. डिस्क चांगल्या लांब केबलीवर दूर सरकवली आणि संगणक ५ गिगाहर्ट्झवर नेला, तिथंच संपलं.

फायबरबद्दल थोडंच. फक्त बाहेरचं पिंग थांबत असेल तर त्या क्षणी डब्यावरचा 'लॉस'चा लाल दिवा बघा. तो लागत असेल तर प्रकाशच येत नाहीये. टीव्हीच्या मागे पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी कुठं चेपली, घट्ट वळली आहे का ते पाहा, पण तिचं टोक काढून डोळ्यापुढे धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, आणि डोळ्याला तो घातक ठरू शकतो. पुढच्या वेळी माणूस आला की स्पीड टेस्टऐवजी त्याला 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ असेल तर ठीक. उणे २७च्या आसपास असेल तर जोड पुन्हा करून द्यायला सांगा, आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. आकडा पुढे ठेवून बोललं की तक्रार लवकर हलते, हा माझा अनुभव आहे. लाल दिवा लागलाच नाही, लांबचं पिंग थांबत नाही पण रात्री वीसवरून दीडशेवर जातं, जवळचं मात्र दोन-तीनवरच आहे, तर कंपनीच्या पुढच्या रस्त्यावर गर्दी आहे आणि कुठलाही राउटर ती कमी करणार नाही.

दोन डब्यांचे पत्ते आधी वेगळे करा, मग दोन दिवस तीन खिडक्या आणि वही चालवा. मला फक्त एवढं कळवा: दोन्ही डब्यांचे आधीचे पत्ते, केबल आतल्या राउटरच्या कुठल्या भोकात होती, दोन्हींचा अपटाइम, ५ गिगाहर्ट्झचं चॅनल कोणतं होतं, आणि पत्ते बदलण्याआधी नेट गेलं असेल तर त्या क्षणी गेटवेसमोर दिसलेला मॅक क्रमांक. तो आतल्या राउटरचा निघाला, तर सात-आठ हजार तुमच्याकडेच ठेवा.